वरातीपुरती उभी केलेली घोडी

अश्ववैद्यक आणि अश्वशल्यचिकित्सा हे दोन्ही विषय मी घोड्याशिवाय शिकले. आमच्या व्हेटर्नरी कॉलेजात घोड्याचा एक सांगाडा होता. त्याच्या मागच्या उजव्या पायाचं मूळ हाड कधीतरी हरवलं होतं आणि त्या जागी बसवलेलं हाड खेचराचं आहे, असं त्या खोलीतला शिपाई खासगीत सांगायचा. आम्ही तोही पाय घोड्याचाच समजून पाठ केला. बरण्यांत घोड्याच्या पोटातले जंत होते, भिंतीवर घोड्याच्या जातींचा रंग उडालेला तक्ता होता, आणि सरांच्या लॅपटॉपमध्ये परदेशातले अतिशय देखणे आजारी घोडे होते. जिवंत घोडा चार वर्षांत एकदाच आला, पोलिसांचा, लंगडत. त्याच्याभोवती आम्ही साठ जण कोंडाळं करून उभे राहिलो. मला त्याची शेपूट दिसली. जर्नलमध्ये मात्र मी त्या केसवर दोन पानं लिहिली आणि त्यात नाडी, श्वास, तापमान सगळं आहे.

घोड्याला दोर बांधून जमिनीवर कसं आडवं करायचं, हे आम्ही वर्गातल्या एका दणकट मुलावर शिकलो. तो नांदेडकडचा होता आणि स्वभावानं गरीब. त्याच्या मानेभोवतून आणि घोट्यांमधून दोर फिरवून आम्ही ओढायचो, तो ठरल्याप्रमाणे पडायचा आणि सर म्हणायचे, "छान. आता असंच पाचशे किलोच्या जनावराला करायचं." टाके घालायला फोमचा तुकडा आणि खाटकाकडून आणलेली बकऱ्याची आतडी. त्या आतड्यांवर मी इतके सुबक टाके घातले की सरांनी फोटो काढून घेतला. सर स्वतः कधीकाळी रेसच्या घोड्यांमध्ये वावरलेले. प्रत्येक तासाची सुरुवात ते "घोडा ओकू शकत नाही" या वाक्यानं करायचे. साठ जणांपैकी एकालाही पुढे घोडा दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण ते वाक्य आमच्याकडे सांभाळायला दिल्यासारखं त्यांच्या तोंडून यायचं.

घरी पनवेलला आमच्या सोसायटीत माझी ओळख 'कुत्र्यांची डॉक्टर' अशी होती. सुट्टीत आले की तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्राडोर नखं कापायला यायचा आणि त्याच्या मालकीणबाई प्रेमानं विचारायच्या, "एमबीबीएसला नंबर थोडक्यात हुकला का गं?" मी हसून नखं कापायचे. एखादं नख थोडं आतपर्यंत कापावं असं वाटायचं, पण कुत्र्याचा काही दोष नव्हता.

मला कोणी आपणहून 'डॉक्टर' म्हटलं असेल, तर ते माझ्या काकांनी. हे वडिलांचे चुलतभाऊ, गव्हाणच्या बाजूला राहतात. भातशेती गेली, मिठागर गेलं, त्या जागी बिल्डिंगा आल्या आणि त्यातली एक काकांची झाली. पण बैल काही गेले नाहीत. काकांच्या शर्यतीच्या बैलजोडीला सबंध तालुक्यात मान होता आणि बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या गोठ्यात त्या जोडीला पंखा लावलेला होता. त्यांचा खुराक काका स्वतः उभे राहून द्यायचे. कणकेचे तुपातले गोळे, भिजवलेले हरभरे, उडदाची भरड, दूध आणि वर गावठी अंडी. काकी एकदा माझ्या आईला म्हणाली होती, "मी बाळंतीन असताना पन एवढं नाय केलं माझं."

माझ्या चुलतभावाचं लग्न मे महिन्यात ठरलं. आमच्याकडे वरातीला घोडी भाड्यानं आणतात. एकच घोडी महिनाभरात पंचवीस नवरदेव वाहते आणि कुणाचं काही बिघडत नाही. काकांना ते मानवेना. "दुसऱ्याची घोरी माझ्या पोराच्या लग्नाला? नाय चालायचं," असं म्हणून ते दोन जीपगाड्या भरून माणसं घेऊन घोडेबाजाराला गेले आणि पांढरीशुभ्र, लांब मानेची एक घोडी घेऊन आले. तिला बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये, फरशीवर, नव्या कोऱ्या गाडीच्या शेजारी बांधलं. वर सीसीटीव्ही. काका तिसऱ्या मजल्यावर सोफ्यात बसून मोबाइलवर घोडी बघायचे आणि आलेल्या पाहुण्याला दाखवायचे. पाहुण्याला खाली जाऊन खरी घोडी बघायची असेल तर चपला घालायचा कंटाळा यायचा.

आणि तिला खुराक सुरू केला. कोणता, हे सांगायला नको. काकांना जनावर म्हटलं की बैलच कळतो, आणि चांगलं जनावर म्हणजे शर्यतीचा बैल. तूप, कणीक, हरभरा, अंडी. घोडी अंडी खाईना, तर ती कणकेत मळून. तीन आठवड्यांत तिच्या पाठीवर तेज आलं, मानेवर चरबीची वळी आली, आणि काकांनी व्हॉट्सॲपवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो टाकले. मी त्याला अंगठा दिला होता. पुस्तकात याच खुराकावर अख्खं एक प्रकरण आहे आणि ते मी दोनदा वाचलं होतं. पण घरच्या ग्रुपवर कोणी प्रकरण उघडून बसत नाही.

लग्नाला दोन दिवस असताना, हळदीच्या सकाळी, आम्ही सगळे गव्हाणला पोचलो. नाक्यावरच पहिला धक्का बसला. नवरदेव, घोडी आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो असलेला भला मोठा फ्लेक्स, आणि त्या गोलांमध्ये माझा फोटो. नावाआधी 'डॉक्टर'. माझी शेवटची परीक्षा अजून व्हायची होती. आई म्हणाली, "काढायला सांग, बरं दिसत नाही." मी म्हणाले, "राहू दे, लोकांना काय कळतंय." मग मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि हॉस्टेलच्या मैत्रिणींना पाठवला.

बैलांकडे एक म्हातारा गडी होता, कर्नाळ्याच्या डोंगराकडच्या वाडीतला, कातकरी. आयुष्यभर वीटभट्टीवर आणि दुसऱ्यांच्या शेतात राबला, आता काकांच्या बैलांचं शेण काढायचा. तो मला जिन्याशी गाठून हळू आवाजात म्हणाला, "बाय, ती घोरी पाय टेकीत नाय. गरम तव्यावर उबी असल्यावानी करते. काल दोर तोडून तिकडं चिखलात जाऊन उबी रायली, मी म्हटलं रावदे, तर शेठ माज्यावर वरडला."

शेठ का ओरडले, ते खाली गेल्यावर समजलं. घोडीच्या चारही खुरांना सोनेरी रंग दिला होता. तो चिखलानं खराब झाला म्हणून गड्याची खरडपट्टी झाली, खुरं धुऊन पुन्हा रंगवली आणि घोडी पुन्हा फरशीवर बांधली.

ती पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. नाकपुड्या फुललेल्या, पोटाचे स्नायू ताठ, आणि मिनिटामिनिटाला भार या पायावरून त्या पायावर. मी खुरावर हात ठेवला. रंगाच्या आतून चटका बसावा इतकं गरम. खुराच्या वर बोट ठेवलं तर नाडी ठकठक उडत होती. पान क्रमांकासकट सगळं डोळ्यांसमोर आलं. लॅमिनायटिस. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पडदे सुजतात, सुटायला लागतात, आणि त्या अवस्थेत जनावराला चालवलं तर हाड खाली सरकतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या क्षणी मला आनंद झाला. चार वर्षं चित्रात पाहिलेला आजार अगदी चित्रातल्यासारखा समोर उभा होता, आणि तो मी एकटीनं ओळखला होता. ती बिचारी वेदनेनं थरथरत होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

वर जाऊन मी काकांना खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. खुराक आजपासून बंद, फक्त सुकं गवत. पाय थंड पाण्यात किंवा चिखलात. खाली मऊ वाळू. आणि निदान महिनाभर ही घोडी एक पाऊलही चालणार नाही.

"बैलाला चालतं, तं घोरीला का नाय?" काकांनी विचारलं.

मी बैलाला चार पोटं असल्यासारखी रचना असते, घोड्याचं पोट एकच आणि लहान असतं, असं सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पनवेलचा डागतर पन हेच बोलला काल."

म्हणजे पनवेलचे डॉक्टर, तीस वर्षं प्रॅक्टिस केलेले, कालच येऊन बघून गेले होते. त्यांनी घोडी चालवू नका असं बजावलं होतं, आणि दुखणं दाबायचं इंजेक्शन मागितल्यावर साफ नकार देऊन ते निघून गेले होते. पास झालेला डॉक्टर नाही म्हणाला म्हणून काकांना नापास होऊ शकणाऱ्या डॉक्टरची आठवण झाली होती. त्या फ्लेक्सवरच्या गोलात मी कशी पोचले तेही मला तेव्हा कळलं.

"तो भायेरचा मानूस," काका म्हणाले. "तुमी घरच्या. दोन तासांचं काम हाय बाय. देवळापासून हॉलपर्यंत. मंग महिनाभर झोपू दे तिला, मी गादी टाकतो खाली."

मी नाही म्हणाले. हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते, कारण माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढंच आहे. हळदीच्या दुपारी नाही म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही म्हणाले. मग काकी आली. मग नवरदेव आला आणि म्हणाला, "ताई, ड्रोन बुक केलाय." मग माझे वडील आले, ज्यांनी मी व्हेटर्नरीला गेल्यावर चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "तुला जमतं ना पण हे?"

जमतं का, असं विचारलं त्यांनी. करावं का, असं नाही. आणि मीही उत्तर दिलं ते जमण्याबद्दलचंच.

लग्नाच्या दिवशी दुपारी पनवेलच्या मेडिकलमधून औषध आलं. मी चिठ्ठीवर लिहून दिलेलं, डोस तोंडपाठ. घोडीच्या मानेतली शीर मी अंगठ्यानं दाबली, ती दोरीसारखी वर आली आणि पहिल्या फटक्यात सुई आत गेली. मागे वीसपंचवीस पाहुणे उभे होते, त्यातल्या कोणीतरी "वा!" म्हटलं. म्हातारा गडी घोडीचं तोंड धरून उभा होता. अर्ध्या तासानं घोडीनं पुढचे पाय मागे घेतले, सरळ उभी राहिली आणि चक्क गवताला तोंड लावलं. बायकांनी माझ्यावरून बोटं मोडली. एका आजीनं मला जवळ ओढून विचारलं की तिच्या गुडघ्यांना हेच चालेल का.

औषधानं खुर बरं झालेलं नसतं. जनावराला फक्त दुखल्याचं कळत नाही, आणि मग ते न टाकायचं पाऊल टाकतं. हे वाक्यसुद्धा पुस्तकात आहे, ठळक अक्षरात, चौकटीत.

संध्याकाळी वरात निघाली. पुढे डीजेची गाडी, मध्ये घोडी, मागे अख्खं गाव. रस्ता नवा काँक्रीटचा. दोन तासांचं काम साडेतीन तास चाललं, कारण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कोणाचा तरी मान होता आणि प्रत्येक मानाला घोडी नाचवायची होती. ती नाचली. पुढचे पाय उचलून आपटून नाचली, सोनेरी खुरं ड्रोनच्या लाइटमध्ये चमकली. काका माझ्याकडे बघून लांबूनच हात जोडत होते. हॉलमध्ये स्टेजवर बोलावून माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, माइकवरून 'आपल्या गावच्या पहिल्या घोड्यांच्या डॉक्टर' म्हणाले. मी पनवेलची आहे, त्या गावची नाही. पण ही दुरुस्ती मी केली नाही. टाळ्या वाजल्या, वडील पहिल्या रांगेत बसले होते. मी शाल घेऊन खाली उतरले आणि जेवायला बसले, आणि पोटभर जेवले.

सकाळी घोडी पार्किंगमध्ये आडवी होती. उठत नव्हती. औषधाचा असर उतरला होता. म्हातारा गडी बादलीनं तिच्या पायांवर पाणी ओतत होता आणि सोनेरी ओघळ फरशीवरून नव्या गाडीच्या चाकापर्यंत गेले होते. मी बर्फ मागवला, वाळू मागवली, काकांनी सगळं आणलं. खरोखर गादीसुद्धा आणली. तीन दिवस मी तिच्याजवळ बसले. तिसऱ्या दिवशी पुढच्या उजव्या खुराच्या तळव्यातून हाडाचं टोक बाहेर आलं.

काकांनी पनवेलच्या डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. ते आले, दोन्ही खुरं पाहिली, ओठ मिटून उठले आणि म्हणाले की आता हिला झोपवणं एवढंच आपल्या हातात आहे. मग त्यांनी विचारलं, "ही चालली कशी? इंजेक्शन कोणी दिलं हिला?"

मी समोर उभी होते. नाक्यावरच्या फ्लेक्सवरचा माझा फोटो त्यांनी येताना पाहिला असेलच. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मीच दिलं. मेडिकलमधून आनलं न् टोचलं. आमाला काय कलतंय."

डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले, कसाई म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या हातात जनावर देऊ नये म्हणाले. ज्या माणसाला गावात कोणी आवाज चढवून बोलत नाही, तो खाली मान घालून सगळं ऐकत होता. मी मूग गिळून बसले. काकांबद्दल एवढं सगळं हसून लिहिलं, पण कणीक मळताना त्यांना माहीत नव्हतं. मला पान क्रमांक माहीत होता.

डॉक्टरांनी मानेतली तीच शीर दाबली. माझ्या सुईचा बारीक डाग तिथे अजून होता. गड्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काका जिन्यात पाठ करून उभे राहिले आणि मोठ्यानं रडले, बैल मेल्यावर रडले होते तसे. मला रडू आलं नाही. मला भयंकर लाज वाटत होती, आणि ती लाज कुणाला दिसत नाही याचं बरंही वाटत होतं.

महिनाभरानं माझी शेवटची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक होते, शांत, वयस्कर. त्यांनी विचारलं, "घोडा पुढचे पाय लांब टाकून उभा आहे, खुरं गरम आहेत. काय?" मी सांगितलं. कारणं विचारली, तीही सांगितली. धान्याचा अतिरेक सगळ्यात आधी. उपचार सांगितले. मग ते म्हणाले, "वेदनाशामक देऊन चालवलं तर?"

मी तेही सांगितलं. पहिल्या दिवशी काय होतं, दुसऱ्या दिवशी काय, आणि तिसऱ्या दिवशी हाड तळव्यातून कसं येतं. कुठल्या बाजूनं येतं, कवच आधी कुठे सुटतं, रक्ताचा रंग कसा असतो, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेले आमचे सर कौतुकानं माझ्याकडे बघत होते.

"इतकं बारीक पुस्तकात नाही," परीक्षक म्हणाले. "कुठे पाहिली होतीस का अशी केस?"

मी म्हणाले, "नाही सर."

"आमच्याकडे घोडेच नाहीत हो," सर घाईघाईनं म्हणाले. "पण अभ्यास आहे पोरीचा."

परीक्षकांनी मार्क लिहिले आणि माझ्याकडे बघून हसले. "एकदा तरी बघ," ते म्हणाले. "बघितलीस ना, की जन्मात विसरणार नाहीस. जा, पुढच्याला पाठव."

मी बाहेर आले. दाराशी तो नांदेडचा मुलगा वही छातीशी धरून उभा होता. त्यानं विचारलं, सोपं होतं का? मी म्हणाले, हो, सोपं होतं.